जुनी सभासद परत का येईल?

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या ‘सोरॉरिटी’ संघटना असतात. सभासदत्व आयुष्यभराचं, पण कॉलेज संपलं की नोकरी, संसार, नवं शहर. तिथल्या माजी सभासदांच्या शाखेकडून नुसता वर्गणीचा मेसेज आला, तर कोण जाईल? उधारीची आठवण करून गिऱ्हाईक दुकानात येतं का?

माझं मत: काम द्या. डेल्टा सिग्मा थीटा बघा. जानेवारी १९१३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ती सुरू केली आणि मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या महिला मताधिकार मोर्चात उतरल्यासुद्धा! आजही तिच्या माजी सभासदांच्या शाखा मतदार नोंदणी, शिष्यवृत्ती अशी कामं करतात.

नवी आलेली बाई पहिल्याच महिन्यात एखाद्या विद्यार्थिनीला मार्गदर्शन करू दे. बाळंतपणात वर्षभर दिसली नाही, तर फोन करा. त्या फोनवर वर्गणी काढू नका.