अमृतनाकाची गोष्ट मध्येच तोडणाऱ्यांनो



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. विषय : 'आपला इतिहास'. मी चाकणच्या रोलिंग मिलमधली रात्रपाळी संपवून तसाच आलेलो, डोळ्यांत भट्टीची धग. सोबत आजी. आजी जन्माची हिंजवडीची, ऐंशी कधीच उलटलेली, सहीच्या जागी अंगठा. कुणीतरी म्हणालं, आजी, तुम्ही पण सांगा दोन शब्द. आजीनं पदर सावरला आणि सुरू केलं : "बेदरचा बादशा व्हता. त्याची राणी रानात हारपली..." राणीला शोधायला अमृतनाक निघाला. निघण्याआधी त्यानं बादशाच्या हातात एक डबी दिली, म्हणाला मी आल्यावर उघडा. डबीत काय होतं इथवर आजी आली आणि आपला एक शिकलेला कार्यकर्ता उठला. "आजी, बसा आता. ह्या गुलामीच्या भाकडकथा. आपण नागवंशी, आपण राज्यकर्ते होतो." टाळ्या पडल्या. आजी बसली.

मी त्या टाळ्यांच्या विरोधात लिहितोय.

आधी गोष्ट पुरी करतो, कारण बैठकीत ती अर्धीच राहिली. अमृतनाक राणीला घेऊन आला. लोक कुजबुजले : इतके दिवस रानात, एकटी बाई आणि हा. बादशानं जाब विचारला. अमृतनाक म्हणाला, डबी उघडा. डबीत त्याचं कापलेलं पुरुषपण होतं. निघतानाच कापून ठेवलेलं. बादशा शरमला, म्हणाला माग काय ते. अमृतनाकानं आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. घरोघरची भाकर, खळ्यावरचं धान्य, मेलेलं ढोर, मढ्यावरचं कापड.

हे सांगून झालं की आजी दरवेळी हसायची. "आन मंग आपुन कुनाची रं पोरं?"

दोस्तहो, ह्या एका वाक्यात जेवढी अक्कल आहे तेवढी आपल्या कुठल्या भाषणात आहे मला दाखवा. इमानदारी सिद्ध करायला आम्ही आमचा वंश कापून द्यायचा, तोही आधीच, कुणी संशय घ्यायच्या आत. आणि बदल्यात काय? शिळी भाकर आणि मेलेलं ढोर. गोष्ट गुलामीची आहेच. पण ती सांगणाऱ्या बायांना किंमत माहीत होती. म्हणून तर डबी गोष्टीत राहिली. चारचौघांत सांगायला लाज वाटेल असा तो तपशील कुणीही गाळला असता. आमच्या बायांनी शेकडो वर्षं गाळला नाही. आम्ही पाच मिनिटांत गाळला.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी आपल्याला ह्या घाणीतून बाहेर काढलं, आता परत कशाला? बरं. बाबासाहेबांचं 'द अनटचेबल्स' १९४८ साली आलं. ते पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. आमच्यातले किती जण ते उघडून बसलेत? त्यात बावन्न हक्कांचा उल्लेख आहे. बेदरच्या बादशाने हक्क दिले ही महारांची परंपरा बाबासाहेब नोंदवतात. तिला हसत नाहीत, तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवत नाहीत. म्हणतात, हक्क त्याहून फार जुने असणार, बादशानं फक्त मान्य केले असणार. आणि तिथून ते वाट काढत जातात : टोळ्यांच्या लढायांत मोडलेली, पांगलेली माणसं, गावाबाहेर राहून गावाची राखण करणारी, पुढं बुद्धाला धरून राहिलेली. म्हणजे आजी ज्या गोष्टीवरून बसवली गेली, ती गोष्ट बाबासाहेबांच्या सिद्धांताच्या पुराव्यात आहे! शिवाय आपलं म्हणणं शेवटचा शब्द माना असं ते स्वतः प्रस्तावनेत म्हणत नाहीत. आम्ही मात्र शेवटचा शब्द फलकावर रंगवून मोकळे.

नागांबद्दल बाबासाहेब १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बोलले, ते मला ठाऊक आहे. मी नागांना नाकारत नाही. मी नाकारतो ती आपली घाई, राजाच पाहिजे ही भूक. ही भूक त्यांचीच आहे, वंशावळी लिहवून घेणाऱ्यांची. भाटाला पैसे देऊन सूर्यवंशी झालेले थोडे आहेत का?

आणि विद्वानांचं काय सांगू! आमच्या नावाचीच त्यांनी किती चिरफाड केली. जॉन विल्सन नावाचा मिशनरी म्हणाला, महारांचं राष्ट्र ते महाराष्ट्र. रा. गो. भांडारकरांना त्याच शब्दात 'मृताहार' दिसला, मेलेलं खाणारे. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त 'महाअरि' वाचलं, मोठे शत्रू. एकच शब्द. कुणाला त्यात देश दिसतो, कुणाला मढं, कुणाला लढवय्या. मला जोतीरावांचा अर्थ जवळचा, लपवत नाही. पण व्युत्पत्तीनं भाकर शिजत नाही, आणि ह्या अर्थांच्या बाजारात एकानं तरी महारवाड्यातल्या म्हातारीला विचारलं का, बाई तू स्वतःला काय म्हणतेस?

तिकडे आफ्रिकेत, नायजेरियात, इडोमा नावाचे लोक आहेत. ते सांगतात आमचे पूर्वज आपा नावाच्या ठिकाणाहून आले, क्वाराराफा राज्यातून. लिहिलेला कागद नाही. पूर्वजांचा मुखवटा चढवून माणूस येतो आणि कूळ गातो, त्याला ते अलेक्वू म्हणतात. तो गात असताना उठून "बसा आता" म्हणायची तिथं कुणाची छाती होईल असं वाटत नाही.

आता हिंजवडी. आजी शेतांची नावं सांगते, बांधांची नावं सांगते, कुठं शिवेचा दगड होता ते सांगते. आज तिथं काचेच्या इमारती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आयटी पार्क उभं राहू लागलं आणि शीव सिमेंटखाली गेली. शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष शेवटची मानायचे, हे जुन्या कागदांतही आहे. हात लागला तर बाटणारा माणूस, पण गाव कुठं संपतं हे त्यालाच विचारायचं! वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, चांगलं झालं, बाबासाहेब १९२८ पासून वतनाविरुद्ध कायद्यासाठी लढत होते. हाडकी-हाडोळ्याची जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली, आणि आमच्या घरची एका दलालानं आज्याचा अंगठा घेऊन खाल्ली. सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. उरलंय ते आजीच्या तोंडात. तेही तुम्ही बंद करता.

तोंडी इतिहासाला पुरावा नाही म्हणणाऱ्यांनी वढू बुद्रुकला जाऊन यावं. १६८९ मध्ये संभाजीराजांना हाल करून मारलं. त्यांचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महारानं केले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. गावातली मराठा घराणी म्हणतात आमच्या पूर्वजांनी देह शिवला. दोन्ही बाजू तोंडीच! पण त्यांची ती परंपरा आणि आपली ती बनवाबनवी. डिसेंबर २०१७ मध्ये गोविंद गोपाळांच्या समाधीवरच्या फलकाची आणि छताची मोडतोड झाली. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात दगड पडले. समोरच्याला कळतं की म्हातारीच्या गोष्टीत ताकद आहे. नाहीतर तो फलक कशाला तोडेल?

त्याच कोरेगावच्या स्तंभावर आपण दरसाल माथा टेकवतो. तिथली आपल्या शिपायांची २२ नावं ओळखायची कशावरून? शेवटच्या 'नाक' वरून. स्तंभावरच्या 'नाक'ला सलामी आणि विहारातल्या अमृतनाकाला "बसा आता"?

आपल्याच मुळशी-मावळच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी गोळा केल्या. सगळा महाराष्ट्र धरून आकडा लाखावर गेला. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. हे काम दुसऱ्यांनी केलं. आपण तेव्हा मंडपाची वर्गणी गोळा करत होतो. मी पण होतो त्यात.

देहूरोडला चला. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. तो दिवस आईबापाच्या खांद्यावरून पाहिलेली माणसं अजून असतील तर ती सत्तरीच्या पुढची आहेत. कुणाकडे गेलोय आपण?

बैठकीनंतर आजी आठ दिवस बोलली नाही. मग एका रात्री मी कामावर निघताना म्हणाली, "त्ये तुझ्या फोनात भरतं का बोलनं?" त्या दिवशी मी खाडा केला. सतरा मिनिटं भरली आहेत. डबीपाशी ती थांबते, पाणी मागते, आणि पुढं सांगते. पुढच्या रविवारी विहारात मी ते लावणार आहे, शेवटपर्यंत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी आपापली म्हातारी घेऊन यावं.