पाटकाठचे गवत आणि मेंढ्यांचे जंत

मेंढ्यांना जंताचे औषध पाजणे ही गोष्ट आता मेंढपाळांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, पावसाळा सरल्यावर दुसऱ्यांदा, आणि मध्ये कळपाला हगवण लागली तर आणखी एकदा, असा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. परंतु औषध पाजून झाले की त्याच सायंकाळी कळप पुन्हा पाटाच्या कडेच्या हिरव्या गवतात उतरतो. जंत मेंढीच्या पोटात राहतात एवढेच ध्यानात घेतले जाते. त्याच्या आयुष्याचा पहिला भाग लेंडीत आणि गवतात जातो, हे मात्र नजरेआड होते. औषध चालते ते पोटातील जंतावर. गवतातील जंतावर ते चालत नाही. यास्तव औषधाचा खर्च दरवर्षी वाढतो आणि मेंढ्या मात्र होत्या तशाच रोडावलेल्या राहतात.

वसमत तालुक्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली आणि तालुक्याच्या मोठ्या भागाला पाटाचे पाणी मिळाले. ऊस, केळी व हळद ही पिके त्या पाण्यावर उभी राहिली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या समृद्धीचा मेंढपाळाच्या वाट्याला आलेला परिणाम निराळा आहे. जी जमीन पूर्वी दिवाळीनंतर मोकळी पडत असे, ती आता बारमाही पिकाखाली राहते. गायराने अतिक्रमणाने आक्रसली. उरली ती पाटाची कड, चारीचा काठ, नाल्याचा उतार आणि पाझराने चिबड झालेली, पिकाला निरुपयोगी जमीन. कळपाने चरावे कोठे, तर तेथेच. आणि जंतांची पैदास सर्वाधिक होते, तीही तेथेच.

मेंढ्यांना सर्वांत जेरीस आणणारा जंत म्हणजे हिमॉन्कस होय. हा सुतासारखा, सुमारे इंचभर लांबीचा गोल जंत मेंढीच्या चौथ्या पोटाच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. एका जंतामुळे दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जाते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु पोटात हजार जंत असले तर दररोज ५० मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला ३५० मिलिलिटर रक्त जाते. पंचवीस-तीस किलो वजनाच्या दख्खनी मेंढीच्या अंगात एकंदर रक्त असते ते दीड ते दोन लिटर. मेंढी कळपामागे रेंगाळू लागते, लोकर सहज उपटून येते, खालच्या जबड्याखाली मऊ सूज दिसू लागते, आणि मग एके दिवशी ती उठत नाही. पुष्कळदा तिला हगवणही लागलेली नसते, आणि म्हणूनच जंताचा संशय घेतला जात नाही.

या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीबरोबर जमिनीवर पडतात. हवा उबदार व जमीन ओली असेल तर चार ते सात दिवसांत त्यांतून रोग लावू शकणारी अळी तयार होते. पावसाच्या किंवा दवाच्या पातळ थरातून ती गवताच्या पात्यावर चढते. फार उंच नव्हे, बहुतांश अळ्या बुंध्यापासून दोन-तीन इंचांतच असतात. मेंढीने ते गवत खाल्ले की सुमारे तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. या अळीविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि ती सर्वांत उपयोगाची आहे. गवतावर चढलेल्या अळीला काहीही खाता येत नाही. अंगात साठविलेल्या शिदोरीवरच तिला मेंढीची वाट पाहावी लागते. हवा जितकी उष्ण, तितकी ती शिदोरी लवकर संपते. थंड देशांत अशी अळी कित्येक महिने जगते. आपल्याकडील पावसाळ्यात पाच-सहा आठवड्यांत बहुतेक अळ्या मरून जातात. आणि उन्हाळ्यात, कोरड्या माळावर, त्या पुरत्या तयारही होत नाहीत, कारण अंडीच वाळून जातात.

म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा हे जंतावरचे फुकटचे औषध आहे. जुन्या काळी कोरडवाहू माळावर हिंडणाऱ्या कळपाला त्याचा लाभ आपोआप मिळत असे. मे महिन्याअखेर माळ जंतमुक्त झालेला असे, आणि जे काही जंत उरत ते मेंढीच्या पोटात, बहुधा सुप्तावस्थेत. पाटाच्या काठी ही साखळी तुटत नाही. उन्हाळी आवर्तन सुटले की चारीच्या कडेला ओल राहते, गवत हिरवे राहते आणि त्याच्या सावलीत अळीही तग धरते. मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे करपलेले असताना हा हिरवा पट्टा मेंढपाळाला देणगी वाटतो. खरे पाहता, कळपासाठी तोच सर्वांत घातक पट्टा असतो.

त्याच चिबड जमिनीत दुसरा शत्रू आहे. पानासारखा चपटा पर्णकृमी मेंढीच्या यकृतात राहतो, आणि त्याला वाढीसाठी पाण्यातील गोगलगायीची गरज लागते. संथ पाणी, शेवाळ व चिखल असेल तेथे ही गोगलगाय असतेच. तिच्या अंगातून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्याकाठच्या गवतावर कवच करून बसतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असे गवत मेंढ्यांनी भरपूर खाल्ले तर यकृताची चाळण होऊन चांगल्या अंगाच्या मेंढ्याही अचानक दगावतात. गोगलगायी मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकावा असे काही ठिकाणी सुचविले जाते. मेंढीच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे. मेंढीला तांबे इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधते. त्यापेक्षा पाझराचा तुकडा काटेरी फांद्यांनी बंद करावा, आणि कळपाला डबक्यावर न नेता डोणीत किंवा हौदात पाणी पाजावे. याला खर्च थोडा आणि गुण अधिक.

चराईचा क्रम कसा असावा, याचे उत्तर वर सांगितलेल्या दिवसांच्या हिशेबातच आहे. पावसाळ्यात कळपाने एका तुकड्यावर चार दिवसांहून अधिक राहू नये, म्हणजे त्याच लेंडीतून निघालेली अळी त्याच मेंढीच्या तोंडी जाणार नाही. तो तुकडा सोडल्यावर पाच-सहा आठवडे तेथे मेंढी किंवा शेळी फिरकू नये. टोंगा बेटावरील उष्ण व दमट हवेत शेळ्यांवर असा प्रयोग झाला आहे. चराईचे दहा तुकडे करून प्रत्येकात साडेतीन दिवस शेळ्या ठेवल्या, ३५ दिवसांनी पुन्हा पहिल्या तुकड्यावर आणल्या, आणि एकाच जागी चरणाऱ्या शेळ्यांच्या मानाने त्यांना औषधाची गरज पुष्कळच कमी पडली. तेथे तारेची कुंपणे होती. वसमतच्या मेंढपाळापाशी कुंपण नाही, परंतु कळप दिवसभर त्याच्या काठीखाली असतो. गावाभोवतीच्या चराईचे आठ-दहा भाग मनाशी ठरवून, बांध, ओढा, रस्ता अशा खुणांनी ते पाळणे त्याला अवघड नाही. हिवाळ्याच्या थंडीत अळी अधिक जगते. तेव्हा ओलीच्या तुकड्याला दोन-तीन महिने विसावा द्यावा.

गाई-म्हशींचा येथे चांगला उपयोग होतो. मेंढीच्या हिमॉन्कसला गाईच्या पोटात सहसा थारा मिळत नाही. तिने खाल्लेल्या अळ्या बहुतांशी वाया जातात. यास्तव मेंढ्या चरून गेलेल्या तुकड्यावर गुरे सोडली तर ती जमीन एक प्रकारे झाडून काढल्यासारखी होते. शेळीचा मात्र असा उपयोग नाही, तिचे व मेंढीचे जंत एकच. आणि पर्णकृमीच्या बाबतीत गाय-म्हैसही उपयोगी नाही, कारण तो तिन्हींना सारखाच लागतो. पाझराच्या जमिनीवर गुरे सोडून ती शुद्ध होईल, असे समजू नये.

कोकरांना सर्वांत स्वच्छ जागा द्यावी. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती ढासळते व तिच्या लेंडीतून अंडी अधिक पडू लागतात. कोवळ्या कोकरांना तेव्हाच पहिले गवत मिळते. पीक निघालेले रान, ज्यावर वर्षभर मेंढी चढलेली नाही, ते आधी कोकरांना व दुभत्या मेंढ्यांना मिळावे, मागून मोठ्या कळपाला. गवत जमिनीपर्यंत खुरडून खाण्याची पाळी येऊ देऊ नये. बाभळीच्या शेंगा, बोर व सुबाभळीचा पाला जितका देता येईल तितका द्यावा, कारण झाडाच्या फांदीपर्यंत अळी पोहोचत नाही. दव वाळल्यावर कळप सोडण्याची जुन्या मेंढपाळांची सवय योग्यच आहे. मात्र झडीच्या दिवसांत गवत दिवसभर ओलेच असते, तेव्हा तिच्यावर विसंबून भागणार नाही.

औषध नकोच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ते आज ज्या रीतीने दिले जाते ती रीत बदलावयास हवी. अल्बेंडॅझोल व फेनबेंडॅझोल ही नावे निराळी असली तरी औषधे एकाच कुळातील आहेत. आलटून पालटून ती दोनच पाजणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. देशातील अनेक मेंढी प्रक्षेत्रांवर या कुळाला जंत दाद देईनासे झाले आहेत. वजन नजरेने कमी धरून अपुरी मात्रा पाजली की हीच आपत्ती लवकर ओढवते. आणखी एक गोष्ट पचावयास जड आहे, तरी ती सांगितलीच पाहिजे. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजून लगेच जंतमुक्त रानात नेणे हा उत्तम उपाय वाटतो; पण त्या रानात पुढे जी अंडी पडतात ती केवळ औषधातून वाचलेल्या जंतांची. म्हणजे पुढची सारी पैदास औषधाला न जुमानणाऱ्यांची होते. कळपातील धडधाकट मेंढ्या औषधावाचून ठेवल्या तर साध्या जंतांची वीण टिकते आणि औषधाची धार कायम राहते. ठरलेल्या तारखेला सरसकट औषध पाजण्याच्या प्रचलित पद्धतीचा म्हणूनच फेरविचार व्हावयास हवा.

कोणती मेंढी निवडावी, हे डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिल्यास समजते. दक्षिण आफ्रिकेत यासाठी लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंगांचा तक्ता तयार करण्यात आला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कळप पाहावा. पापणी फिकट वा पांढरी पडली असेल त्याच मेंढीला औषध द्यावे, आणि कोकरे व गाभण मेंढ्यांच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी बाळगावी. पर्णकृमीनेही पापणी पांढरी होते व त्याचे औषध निराळे आहे; म्हणून पाटाच्या भागातील आठ-दहा मेंढ्यांची ताजी लेंडी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तपासून घेणे श्रेयस्कर. औषध पाजल्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी केली म्हणजे ते लागू पडले की नाही, हेही कळते. फळलेल्या मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल देऊ नये, गर्भात व्यंग येण्याचा संभव असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने किती मेंढ्यांना औषध पाजले याची नोंद होते. कळप कोणत्या रानात किती दिवस राहिला याची होत नाही. दुसरी नोंद पहिलीपेक्षा अधिक मोलाची आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून वीस मेंढ्या व एक नर अनुदानावर दिले जातात. परंतु ते एकवीस जीव चरणार कोठे, हा प्रश्न अर्जात विचारला जात नसेल तर गावात तो विचारला गेलाच पाहिजे. बाहेरून आलेल्या मेंढ्या तपासणी होईपर्यंत वेगळ्या ठेवाव्यात, हेही त्याच वेळी सांगावे. नाही तर औषधाला न जुमानणारे जंत त्यांच्याबरोबर फुकट येतात.

आणि येथे बागायतदार शेतकरी बंधूंचा संबंध येतो. मेंढ्यांचे जंत हा एकट्या धनगराचा प्रश्न आहे असे समजले जाते, पण कळपाला पाटाच्या कडेला ढकलले आहे ते बंद झालेल्या रानांनी. हळदीला शेणखत भरपूर लागते आणि ते दिवसेंदिवस मिळेनासे झाले आहे. फेब्रुवारी-मार्चपासून हळदीची काढणी होते व नवी लागवड मे अखेर किंवा जूनमध्ये. मधल्या दोन-तीन महिन्यांत ते रान तापत पडलेले असते. अशा नांगरटीवर रात्री मेंढ्या बसविल्या तर लेंडी व मूत्र जागेवरच मिळते, आणि लेंडीतील अंडी उन्हाने वाळून जातात. कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर शेतात मेंढ्या सोडाव्यात, असा सल्ला गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विभाग देतोच. मेंढीला त्यात जंतविरहित चारा मिळतो. फवारणीला पुरेसे दिवस झाले आहेत, एवढे मात्र मालकाने आधी सांगावयास हवे. सोयाबीनच्या खळ्यावर सांडलेल्या दाण्यांचा ढीग असेल तर तेवढा उचलून घ्यावा, तो अधाशीपणे खाल्ल्यास मेंढ्यांचे पोट बिघडून त्या दगावतात.

मेंढ्या बसविण्याचा व्यवहार जुना आहे, फक्त तो आयत्या वेळी, तोंडी व ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे होतो. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत कोणाचे रान कोणत्या महिन्यात मोकळे होणार याची यादी करून, तालुक्यातील वाड्यांना ती कळविता येईल. फेब्रुवारीत कळप कपाशीत, मार्च ते मे हळदीच्या नांगरटीवर व माळावर, आणि पहिला पाऊस पडला की पाटापासून दूरच्या उंच जमिनीवर, एवढे जरी ठरले तरी चारीच्या काठाला उन्हाळ्याचे चार महिने विसावा मिळतो.