घटस्थापनेपर्यंत वेळ आहे

चेअरमनसाहेब, हे पत्र राज्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या चेअरमनला आहे, कारखाना सहकारी असो की खाजगी. नक्कल साखर आयुक्तांना आणि ज्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना. हा विनंती अर्ज नाही. अर्ज देऊन झाले, पोच घेऊन झाली.

समोर मुकादमाच्या वहीचं एक पान उघडं आहे. साधी दोनशेपानी वही, कोपऱ्याला तेलाचा डाग. वर नवऱ्याचं नाव, पुढं ‘एक कोयता’. बायकोचं नाव कुठंच नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे बीडपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिचं नाव लिहायची गरज कुणाला वाटत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एक लाख. खाली किराणा, दवाखाना आणि मधूनमधून ‘खाडा’. एका ठिकाणी सलग तीन खाडे आणि शेजारी शेरा, ‘बाळंत’. चौथ्या दिवशी खाडा नाही. म्हणजे चौथ्या दिवशी ती फडात होती. पानाच्या तळाशी शेवटची ओळ आहे : पैसे फिरले.

पैसे फिरले म्हणजे हंगाम संपला, घाम गाळून झाला, तरी उचल फिटली नाही; बाकी अंगावर राहिली आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जाणं आलं. हे नशिबानं होत नाही, हिशेबानंच होतं. जानेवारी 2024 च्या पुण्यातल्या करारात तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपयांवर नेला, त्याचे फोटो निघाले. त्या दरानं एक लाख फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं रोज दोन टन तोडले, एकही दिवस पडून राहिले नाहीत, गाडीसाठी ताटकळले नाहीत, तरी 137 दिवस जातात. आणि पोटाला काय खायचं, ते या गणितात नाहीच. 2024-25 चा हंगाम किती लवकर आटोपला ते तुमच्या कारखान्याचा भोंगा सांगेल. वरून खाड्याला दिवसाचे पाचशे ते हजार रुपये कापले जातात. काम केलं तर मजुरी मिळते ती टनावर, पण आजारी पडलं की दंड दिवसावर.

तुमचं उत्तर आम्हाला पाठ आहे. ‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे.’ मग काटा कुणाचा? तोडणीची चिठ्ठी कोण देतं? कुठल्या फडावर आज कुठली टोळी, हे तुमचं शेतकी खातं ठरवत नाही का? मुकादमाला पैसे कुठून येतात? मुकादम धुतल्या तांदळाचा नाही, पण तोही तुमच्याकडं स्टँपपेपर आणि कोरे चेक देऊन बसलेला असतो. दोन मुकादमांची उचल घेऊन पळणारे मजूरही आहेत, तेही आम्ही झाकत नाही. पण या सगळ्या साखळीत ज्याच्या अंगाला कधीच काही लागत नाही, असा एकच जण आहे.

उसाची एफआरपी, म्हणजे कायद्यानं ठरलेला किमान दर, चौदा दिवसांत दिली नाही तर कायद्यानं पंधरा टक्के व्याज लागतं. शेतकरी लढला म्हणून हे मिळालं, आणि ते योग्यच आहे. तोच ऊस तोडणाऱ्या बाईची मात्र तुमच्या दप्तरात साधी नोंद नाही.

तिच्याबद्दल आणखी काय सांगायचं? 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची आकडेवारी आली : पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी, दुखलं तर खाडा. डॉक्टरनं ‘पिशवी काढून टाकू’ म्हटलं की बाई हो म्हणते. ही मोकळेपणानं दिलेली संमती आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एक हंगाम कोपीत राहून दाखवावं.

आता कायद्याचं. घटनेच्या कलम 23 नं वेठबिगारी बंद केली आहे. आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा वेठच. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात तर अशी तरतूद आहे की कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नाही. जिल्हाधिकारी महोदय, ही अंमलबजावणी कायद्यानं आपल्याकडं आहे. त्याच कायद्याखालच्या दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, तेवढं एकदा तपासा.

आणि ज्यांना वाटतं हे पांदीतलं गाऱ्हाणं पांदीतच राहील, त्यांनी जरा बाहेर बघावं. मार्च 2024 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं याच फडांवरून, याच शस्त्रक्रियांवर लिहिलं. युरोपीय संघानं त्याच वर्षी कायदा केला : 14 डिसेंबर 2027 पासून सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल त्यांच्या बाजारात विकता येणार नाही. तुमची पोती घेणाऱ्या शीतपेयांच्या आणि चॉकलेटच्या बड्या कंपन्यांना तिथं माल विकायचा आहे. त्यांचे लोक वही मागायला येतील तेव्हा ‘मजूर मुकादमाचे’ हे उत्तर चालणार नाही. वहीचे फोटो आमच्याकडं आहेत आणि ते योग्य ठिकाणी पोचतील.

‘हार्वेस्टर आणू’ ही धमकी जुनी झाली. आणा. चिखलात, बांधाबांधाच्या तुकड्यांत ते किती चालतात ते तुमच्या शेतकी अधिकाऱ्याला विचारा.

तर घटस्थापनेपर्यंत एवढं झालं पाहिजे. प्रत्येक कोयत्याच्या दोन माणसांची दोन नावं कारखान्याच्या रजिस्टरला, दोन ओळखपत्रं, दोघांची मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यात. खाडा बंद, कमी नाही, बंद. उचलीचा हिशेब मजुराच्या हातात, कारखान्याच्या शिक्क्यानिशी, आणि हंगाम संपला की बाकी संपली. बाळंतिणीला भरपगारी रजा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागं कापलेल्या पैशाचा कारखानानिहाय हिशेब जाहीर. आणि आयुक्तसाहेब, एफआरपी थकवणाऱ्याचा गाळप परवाना आपण अडवता, तसाच मजुरांचं रजिस्टर नसणाऱ्याचाही अडवा.

यातलं एकही कलम ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून परत आलं, तर घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसापासून कोयता बंद. टोळ्या गाव सोडणार नाहीत, उचल घेतलेल्याही नाहीत. त्यांच्या दारात वसुलीला गुंड आले तर त्याच दिवशी 1976 च्या कायद्याखाली फिर्याद होईल, आणि तीत मुकादमाच्या आधी कारखान्याचं नाव असेल. दराची बोलणी करून कमिशन वाढवून घेणाऱ्या आमच्याच पुढाऱ्यांनाही हे लागू आहे. या वेळी आमच्या पाठीमागं सही करू नका.

गळिताच्या शुभारंभाची पत्रिका छापायला टाकण्याआधी एवढं ठरवा. नाहीतर गव्हाणीत टाकायची पहिली मोळी संचालक मंडळाला स्वतः तोडून आणावी लागेल.