खलनायकाचा चेहरा कुणाचा?

देवळ्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला सेफिरॉथ हवा आहे. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो : १९९७ साली आलेल्या 'फायनल फँटसी ७' या जपानी व्हिडिओ गेमचा हा खलनायक. लांब रुपेरी केस, हातात माणसापेक्षा लांब तलवार. त्याची वीतभर उंचीची, हातपाय हलणारी मूर्ती जगभर विकली जाते आणि शौकीन लोक तिच्यासाठी हजारो रुपये मोजतात.

घरात पहिला आक्षेप अपेक्षित तोच आला : 'बुत घरात कशाला?' तसवीर आणि मूर्तीबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांत पंख असलेला घोडा होता आणि तो पाहून प्रेषित मुहम्मद (स.) हसले, ही हदीस आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. मुलांच्या खेळण्याला बहुतेक आलिमांनी सूट दिली आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे : खलनायकाला चेहरा कुणाचा दिला जातो?

सेफिरॉथ कुठल्याच जमातीचा नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ'मधला बाउझर तर चक्क कासवासारखा राक्षस. त्यांना हरवून मूल खेळातून उठतं तेव्हा शेजारच्या कुणाकडे संशयाने पाहत नाही.

आता २००७ चा 'कॉल ऑफ ड्यूटी ४' पाहा. त्यात खालिद अल-असद नावाचा सत्ता बळकावणारा सेनानी आहे. त्याच्या देशाला गेममध्ये नावसुद्धा नाही. अरबी नाव आणि वाळवंटी शहर एवढ्यावर भागतं. त्याच्यामागचा मोठा खलनायक रशियन, पण त्याचंही नाव इम्रान! इथे मूल एका माणसाला हरवत नाही, एका ओळखीला हरवायला शिकतं.

हा प्रश्न फक्त परदेशी गेमचा नाही. दिवाळीत आपल्याकडे मुलं मातीचे किल्ले करतात, त्यावर बाजारातली चित्रं मांडतात. अफझलखान वधाचा देखावाही असतो. १६५९ ची ती घटना इतिहास आहे; ती दाखवू नका असं मी म्हणणार नाही. खान स्वराज्याचा शत्रूच होता. पण महाराजांसोबतच्या दहा निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. हे दोघं किल्ल्यावर क्वचितच दिसतात. शेजारच्या बागलाणातल्या साल्हेरच्या १६७२ च्या लढाईत मोगलांकडून लढताना अमरसिंह चंदावत मारला गेला. तो रजपूत होता. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसं होती. देखाव्यात मात्र दाढी आणि डगला एकाच बाजूला उरतो, आणि शाळेत एखाद्या इब्राहिमला 'तू खानाकडचा' असं चिडवलं जातं.

उलट उदाहरणही आपल्याच गल्लीतलं आहे. १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आठवतो? पार्लरमध्ये त्याचं मूळ नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचे. पिवळ्या टोपीचा तो नायक घ्यायला सगळ्याच घरांतली पोरं भांडायची. खलनायक होता फेसेंडेन नावाचा माथेफिरू डॉक्टर. त्यामुळे कुणी डॉक्टरांचा द्वेष करू लागलं नाही, कारण भले डॉक्टर मुलांनी पाहिलेले होते.

म्हणून खलनायक काढून टाका अशी माझी मागणी नाही. खलनायकाशिवाय गोष्ट नाही. मागणी इतकीच की त्याच फळीवर मुस्तफाही असू द्या. या दिवाळीत तुमच्या गल्लीत किल्ला होणार असेल, तर मुलांना मातीचा एक सिद्दी इब्राहिम करून द्या, आणि तो महाराजांच्या बाजूला का उभा आहे ते सांगा.