मागच्या रांगेतला सूर

संगीत नाटकाचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात: अण्णासाहेब किर्लोस्कर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. त्यांच्यावर भरपूर लिहून झालं आहे, लिहिलंच पाहिजे. हा अंक मात्र आम्ही मागच्या रांगेला दिला आहे.

१८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. पुढे गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या नाटक कंपन्यांत मागच्या रांगेतली ही माणसं कायम असत. तिसरी घंटा झाली की नांदीला उभं राहायचं, लगबगीनं दाढी चिकटवून ऋषी व्हायचं, पुढच्या अंकात सेवक. नायिकेला वन्समोअर मिळत राहिले की सखीनं तबक धरून ताटकळायचं, चेहरा मात्र गाणं पहिल्यांदाच ऐकतोय असा. (हाही अभिनयच, आणि सोपा नव्हे!) पंगतीत हसवणारा, ऐन वेळी कोणाचीही नक्कल तोंडपाठ निघणारा असा एखादा गडी सगळ्या कंपनीचा लाडका असे. जाहिरातीत त्याचं नाव क्वचितच छापलं जाई.

आत्ताच का? कारण ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटकही १९६७ सालचं. त्या काळी तिशीच्या आत असलेले कलाकारही आज ऐंशीकडे झुकले आहेत किंवा ऐंशीपार आहेत. त्यांच्याशी बोलायला आता उशीर परवडणारा नाही.

अंकात मुलाखती आहेत, कौतुक आहे, थोडी भांडणंही आहेत. तुमच्या घरात अशा कोणाचा फोटो किंवा जुनं हँडबिल असेल, तर आम्हाला जरूर कळवा. फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहायला विसरू नका.