महाविद्यालय कीं विद्यापीठ?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं वडील मंडळींची एक बैठक बसली. आमच्या कनिष्ठ बंधूंच्या नातीस अमेरिकेंतील दोन संस्थांनीं प्रवेश देऊं केला होता; एक मोठें विद्यापीठ, तर दुसरें एका लहान गांवांतील ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’. मुलीचा ओढा कॉलेजाकडे, मंडळींचा कौल विद्यापीठाकडे. एवढा खर्च करून मुलीस सातासमुद्रापलीकडे धाडावयाचें, तें नुसत्या कॉलेजासाठीं काय म्हणून, असा सर्वांचा प्रश्न. आमचें मत विचारलें, तेव्हां आम्हींहि विद्यापीठाच्याच पारड्यांत वजन टाकलें. त्यावर नात हळूच म्हणाली, “आजोबा, त्या कॉलेजाविषयीं तुम्ही कांहीं वाचलें आहे का?”

वाचलें नव्हतें. जन्मभर मुलांस ‘आधीं वाचा, मग बोला’ असें बजावणाऱ्या मास्तरास याहून मोठी चपराक ती कोणती? बैठक आठ दिवस पुढें ढकलून आम्ही वाचावयास बसलों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण असा प्रसंग आज अनेक घरीं येत आहे.

पहिला घोटाळा आपल्या शब्दांचाच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें. शिकवावें कॉलेजांनीं, परीक्षा घेऊन पदवी द्यावी विद्यापीठानें, अशी ती वहिवाट होती. त्यामुळें कॉलेज म्हणजे विद्यापीठाचें मांडलिक, असें आपल्या मनांत ठसलें. अमेरिकेंतील विल्यम्स (१७९३) किंवा अ‍ॅम्हर्स्ट (१८२१) हीं कॉलेजें कोणाचींहि मांडलिक नाहींत. तीं स्वतःच शिकवितात आणि स्वतःच पदवी देतात.

दुसरा घोटाळा ‘आर्ट्स’ या शब्दाचा. आपल्याकडे आर्ट्स म्हटलें कीं विज्ञान वगळलें, असें समजतात. तेथें तसें नव्हे. स्वतंत्र मनुष्यास शोभणाऱ्या विद्या, हा ‘लिबरल आर्ट्स’चा मूळ अर्थ. मध्ययुगीन युरोपांत अशा सात विद्या मानीत: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिति, संगीत व खगोल. ज्यांनीं व्याकरण आणि न्याय यांच्या पायावर संस्कृत विद्या घेतली, त्यांस ही मांडणी परकी वाटूं नये. आज या कॉलेजांत पदार्थविज्ञान, जीवशास्त्र व गणित हे विषयहि तितक्याच आस्थेनें शिकवितात, आणि मुख्य विषय निवडण्यास बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत अवधि असतो.

मग खरा भेद कोणता? तो प्रधान कर्तव्याचा आहे. १८७६ सालीं जर्मन धर्तीवर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालें, आणि नवें ज्ञान निर्माण करणें हें विद्यापीठाचें मुख्य काम, ही कल्पना अमेरिकेंत रुजली. म्हणून तेथील मोठ्या विद्यापीठांत वैद्यक, कायदा, एंजिनिअरिंग यांच्या शाखा, प्रचंड प्रयोगशाळा आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी असतात. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर येथील आवारांतच ५० हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. अशा ठिकाणीं पहिल्या वर्षाचीं कित्येक व्याख्यानें शेंकडों मुलांपुढें होतात. शंका फेडण्याचें व निबंध तपासण्याचें काम पुष्कळदां वरच्या पदवीसाठीं शिकणारे तरुण करितात. उलट विल्यम्समध्यें विद्यार्थी सुमारें २ हजार, आणि जवळजवळ सर्व पहिल्या पदवीचे. तेथील ‘ट्यूटोरियल’ वर्गांत एक अध्यापक व दोनच विद्यार्थी असतात. एका आठवड्यास एकानें निबंध लिहावा व दुसऱ्यानें त्यावर टीका करावी; पुढील आठवड्यास उलट.

लहान कॉलेजांत शिकून पुढें काय, ही शंका आम्हांसहि आली. थॉमस चेक यांनीं आयोवा राज्यांतील ग्रिनेल या लहान कॉलेजांतून १९७० सालीं पदवी घेतली, डॉक्टरेट बर्कले येथील विद्यापीठांत केली, आणि १९८९ सालीं सिडनी ऑल्टमन यांच्यासह रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविलें. पाया एकीकडे, कळस दुसरीकडे.

उणीवाहि सांगितल्या पाहिजेत. लहान कॉलेजांत विषयांची निवड मर्यादित असते. एंजिनिअरिंग बहुतेक ठिकाणीं नसतें. आपल्याकडे त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नसतें. खर्च तर मोठाच, जरी अ‍ॅम्हर्स्टसारखीं कांहीं संपन्न कॉलेजें घरची ऐपत पाहून साहाय्य देतात. ज्या मुलाचें एंजिनिअर होणें ठरलेलें आहे, त्यानें खुशाल विद्यापीठ धरावें.

आमच्या नातीचें तसें कांहींच ठरलेलें नाहीं. तिला इतिहास आवडतो आणि पदार्थविज्ञानहि. दुसऱ्या बैठकींत आम्हीं आपला पहिला कौल मागें घेतला व मंडळींस एवढेंच विचारलें कीं, हिचा पहिला निबंध तेथें कोण वाचणार? बंधु बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दादा, खर्चाचा हिशेब पुन्हा एकदां मांडूं या.”

नात उठली आणि वही घेऊन आली.