कपातीची सोज्वळ भाषा

सरकारी खर्चात कपात करणे कोणत्याही राज्यकर्त्याला सुखाचे नसते. परंतु ती सोज्वळ शब्दांत सांगण्याची कला ब्रिटिश राज्यकर्त्यांनी चांगलीच साधली आहे. मे २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरून यांचे आघाडी सरकार अधिकारावर आले आणि ऑक्टोबरात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी चार वर्षांत ८१ अब्ज पौंडांची खर्चकपात जाहीर केली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अंदाजपत्रकातील तूट प्रचंड वाढली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कपातीच्या परिणामांचे वर्णन कोणत्या भाषेत झाले, हा.

या धोरणाला 'ऑस्टेरिटी' हे नाव मिळाले. विरक्ताच्या संयमाशी नाते सांगणारा हा शब्द दुसऱ्या महायुद्धानंतर, सर स्टॅफर्ड क्रिप्स अर्थमंत्री असताना, ब्रिटिश जनतेच्या परिचयाचा झाला. त्या वेळी शिधापत्रिका सर्वांच्याच हाती होती. २०१० नंतर मात्र संयमाचे पुण्य सरकारच्या पदरी पडले आणि उपवास घडला तो भत्त्यांवर व स्थानिक सेवांवर विसंबणाऱ्यांना.

इतर शब्दांची तऱ्हा अशीच. नोकऱ्या कमी करणे म्हणजे 'एफिशियन्सी सेव्हिंग्ज', अर्थात कार्यक्षमतेतून झालेली बचत. २०१६ पासून चार वर्षे सरकारने नोकरीच्या वयातील लोकांचे बहुतेक भत्ते गोठवले. त्याला 'फ्रीझ' म्हटले गेले. गोठलेली वस्तू आहे तशीच राहते असा सर्वसाधारण समज. परंतु महागाई वाढत असता न वाढणारा भत्ता दरवर्षी घटतच असतो. 'कपात' हा शब्द न उच्चारता कपात पार पडली.

एप्रिल २०१३ मधील प्रकरण याहून बोलके आहे. नगरपालिकेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूकडे एक शयनकक्ष जास्त असेल तर त्याच्या घरभाडे साहाय्यासाठी धरले जाणारे भाडे १४ टक्क्यांनी आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्क्यांनी कमी धरावे, असा नियम लागू झाला. सरकारच्या मते हे जादा खोलीचे अनुदान काढून घेणे होते. विरोधकांनी त्याला 'बेडरूम टॅक्स' म्हटले आणि लोकांच्या तोंडी तेच नाव बसले. वस्तुतः तो कर नव्हता; पण अनुदान या नावाची वेगळी रक्कमही कोणाला मिळत नव्हती. दोन्ही नावे वादात बाजू घेणारी होती. लहान घरे पुरेशी उपलब्ध नसताना भाडेकरूने जावे कोठे, हा खरा प्रश्न दोहोंपैकी एकाही नावात नव्हता.

हा दोष केवळ इंग्रजीचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ऑस्टेरिटीला मराठीत सहजच 'काटकसर' म्हटले जाते. परंतु काटकसर माणूस स्वतःच्या खर्चात करतो. दुसऱ्याच्या ताटातील भाकरी कमी करणे याला काटकसर म्हणत नाहीत. 'तरतूद कमी करण्यात आली', 'सेवा बंद करण्यात आली' या आपल्या सरकारी वाक्यांतून तर कर्ताच नाहीसा होतो. जणू तरतूद आपोआप आटली आणि दवाखान्याचे दार वाऱ्याने लागले!

खर्चकपात कधी अपरिहार्य असते, कधी नसते. तो अर्थशास्त्राचा वाद आहे. मात्र निर्णय कोणी घेतला, रक्कम किती, ती कोणाच्या वाट्यातून गेली आणि त्यामुळे काय बंद पडले, या चार प्रश्नांची उत्तरे साध्या वाक्यांत देणे हे लोकशाही सरकारचे कर्तव्य आहे. ज्या निर्णयाचा परिणाम सरळ शब्दांत सांगण्याचे धैर्य सरकारला होत नाही, तो निर्णय जनतेने अधिक बारकाईने तपासला पाहिजे.